प्रोत्साहन आणि मतैक्य : लोकप्रिय कथाप्रकारातील अप्रिय मताचा प्रश्न
(सुजाता आणि जयंत नारळीकर यांच्या लेखनाच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, साहसकथा या कथाप्रकारांकडे पाहण्याची मराठी समीक्षेची दृष्टी दीर्घकाळ द्विधा राहिली आहे. वाचनालयांतून सर्वाधिक मागणी असलेल्या या साहित्याची वाङ्मयेतिहासात मात्र ओझरती नोंद होते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, मराठी वाचकांच्या काही पिढ्या त्यांनी घडवल्या. तरी त्यांच्या एखाद्या कथेचे साक्षेपी विश्लेषण शोधू जावे तर हाती फारसे लागत नाही. नारायण धारप यांच्या भयकथांविषयीही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल. अशा प्रकारात लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकाला वाचक मिळण्याची शक्यता असते. प्रतिष्ठा मिळण्याची शक्यता कमी असते.

या लेखकाजवळ समाजाला न रुचणारे एखादे मत असेल तर त्याची अडचण दुप्पट होते. गंभीर साहित्याच्या क्षेत्रात अप्रिय मताला निदान तत्त्वतः मान असतो. बंडखोरी हा तेथे गुण मानला जातो. लोकप्रिय कथाप्रकाराचा व्यवहार मात्र वाचकाच्या पसंतीवर चालतो. साप्ताहिकाचा खप, मालिकेच्या पुढच्या प्रकरणाची उत्सुकता, वाचनालयाची मागणी यांवर त्या लेखकाचे अस्तित्व अवलंबून असते. ज्याच्या पसंतीवर जगायचे त्यालाच नको असलेले सांगायचे, असा हा पेच आहे. एका बाजूला समीक्षक त्याला ‘रंजनपर’ म्हणून बाजूला ठेवतात, दुसऱ्या बाजूला वाचक त्याच्या मताला नाकारण्याचा संभव असतो. अशा लेखकाला उमेद कोठून मिळते आणि त्या उमेदीचे स्वरूप काय असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विवेचनासाठी दोन लेखकांची निवड केली आहे. चेन्नईच्या तमिळ साप्ताहिकांतून रहस्यकथा आणि विज्ञानकथा लिहिणारे सुजाता (१९३५–२००८) आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५). दोघेही जवळजवळ समवयस्क, दोघेही विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील, आणि दोघांनीही आपापल्या भाषेत अशा प्रकाराला वळण दिले की त्यानंतरच्या लेखकांना त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे शक्य झाले नाही. दोघांच्या वाटचालीतील साम्ये आणि भेद पाहिले असता प्रोत्साहन आणि मतैक्य या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे स्पष्ट होऊ लागते. किंबहुना त्या दोहोंतील अंतर जपले गेले तेथेच लेखक वाढला, असे दिसते.

२. दोन मुखवटे

तमिळ साहित्याशी परिचय नसलेल्या मराठी वाचकाला ‘सुजाता’ या नावामुळे लेखिकेचा भास होणे स्वाभाविक आहे. त्यांचे मूळ नाव एस. रंगराजन. जन्म चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात, बालपण श्रीरंगमला आजीकडे, अभियांत्रिकीचे शिक्षण चेन्नईतील क्रोमपेट येथील मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. पुढे नागरी विमानवाहतूक खात्यात आणि नंतर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांनी नोकरी केली. तेथे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. ‘कुमुदम्’ या चेन्नईच्या साप्ताहिकात त्याच सुमारास रा. कि. रंगराजन हे लेखक प्रसिद्धीस आलेले होते. नावांचा गोंधळ टाळण्यासाठी या रंगराजन यांनी आपल्या पत्नीचे नाव लेखणीसाठी घेतले. तमिळनाडूत पुढे घरोघरी पोचलेले ‘सुजाता’ हे नाव असे व्यावहारिक सोयीतून जन्माला आले.

नारळीकरांचा मुखवटा हेतुपूर्वक धारण केलेला होता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे ना. वि. ज.; ती उलट वाचली की ज. वि. ना. होतात. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणारे, १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालेले आणि १९७२ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक असलेले हे लेखक परीक्षकांना स्वतःच्या नावानिशी सामोरे गेले असते तर निकालावर त्या नावाची छाया पडली असती. अक्षरावरून ओळख पटू नये यासाठी कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात गेली.

एका लेखकाने पत्नीचे नाव घेतले, दुसऱ्याने पत्नीचे अक्षर घेतले. हा योगायोग केवळ गमतीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. लेखनाच्या आरंभी लेखकाला जे सहकार्य मिळते ते वाङ्मयेतिहासात सहसा नोंदले जात नाही, हे त्यातून सूचित होते. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. ‘कृष्णविवर’ स्पर्धेस पोचली ती त्यांच्या हातून. पारितोषिकाच्या नोंदीत मात्र त्या हाताला स्थान नाही.

मुखवट्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. नवोदित लेखकाला सहसा नाव नसते, म्हणून त्याच्या लेखनाकडे दुर्लक्ष होते. नारळीकरांजवळ नाव होते, तरी त्यांनी ते बाजूला ठेवले आणि नवोदिताची जागा स्वीकारली. त्यामुळे त्यांना मिळालेले पहिले प्रोत्साहन हे निखळपणे कथेला मिळालेले होते. लेखक कोण, त्याची मते कोणती, विश्वोत्पत्तीच्या वादात तो कोणत्या बाजूचा, यांपैकी काहीही परीक्षकांना ठाऊक नव्हते. ‘हे लेखन पुढे चालावे’ एवढाच त्या पारितोषिकाचा अर्थ होता. लेखकाशी सहमत असल्याची ग्वाही त्यात नव्हती आणि ती असण्याचे कारणही नव्हते.

३. जागा देणारे

प्रोत्साहन म्हणजे स्तुती, असा एक समज रूढ आहे. नियतकालिकांच्या व्यवहारात त्याचे खरे रूप जागा देण्याचे असते. चेन्नईच्या तमिळ नियतकालिकांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. १९४७ मध्ये एस. ए. पी. अण्णामलै यांनी सुरू केलेल्या ‘कुमुदम्’ने आणि त्याहून जुन्या ‘आनंद विकटन्’ने रहस्यकथा, विनोद, प्रेमकथा आणि विज्ञानकथा यांना साप्ताहिक मालिकेचे स्थान दिले. सुजातांच्या ‘नायलॉन कयिरु’ (१९६८) या कादंबरीपासून वकील गणेश तमिळ वाचकांसमोर आला. पुढे त्याला वसंत हा तरुण, वाचाळ सहकारी मिळाला आणि गणेश–वसंत ही जोडी घराघरांत पोचली.

याच लेखकाने ‘कणैयाळि’ या मर्यादित खपाच्या साहित्यिक मासिकात ‘श्रीरंगम् एस. आर.’ या नावाने अखेरच्या पानांचे सदर लिहिले. पुस्तके, विज्ञान, चित्रपट, समकालीन लेखक यांविषयी तेथे तो मोकळेपणाने आणि प्रसंगी खोचकपणे लिहीत असे. मोठ्या खपाच्या साप्ताहिकात कथा आणि छोट्या मासिकात मते, अशी ही विभागणी होती. ती पाहिली की अप्रिय मताच्या लेखकाला एकाच ठिकाणाहून सर्व प्रकारची उमेद मिळावी ही अपेक्षाच चुकीची आहे, हे लक्षात येते. कथेला वाचक देणारी जागा वेगळी आणि मताला श्रोता देणारी जागा वेगळी असू शकते. सुजातांनी दोन्ही जागा दोन नावांनी सांभाळल्या.

मराठीत नारळीकरांच्या बाबतीत ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी अशी जागा दिली आणि पुढील कथांची मागणी केली. त्यानंतरचे प्रोत्साहन अनपेक्षित दिशेने आले. १९७५ मध्ये कराड येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी मराठीतील या नव्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक, ‘ऋतुचक्र’च्या लेखिका. विज्ञानकथा हे त्यांचे क्षेत्र नव्हते. आणीबाणीच्या काळात भरलेल्या त्या संमेलनात लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने त्यांनी घेतलेली भूमिका मराठी साहित्यव्यवहाराला परिचित आहे. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रीय मंत्री असताना ती घेतली गेली होती. स्वतः त्या घटकेला राजकीयदृष्ट्या अप्रिय मत मांडणाऱ्या लेखिकेने, आपल्या आवडीच्या कक्षेबाहेरील एका उपेक्षित प्रकाराला संमेलनाच्या व्यासपीठावर जागा करून दिली, ही घटना या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. अप्रियतेचा अनुभव असलेली व्यक्ती इतरांच्या वेगळेपणाविषयी उदार होतेच असे नाही, दुर्गाबाई झाल्या.

त्या संमेलनानंतर ४६ वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. प्रकृतीच्या कारणाने ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. तरी एका विज्ञानकथाकाराची त्या पदावर निवड होणे हा कथाप्रकाराच्या प्रतिष्ठेतील बदल होता, आणि त्याचा एक उगम कराडच्या भाषणात शोधता येतो.

४. कथाप्रकाराचा आश्रय

आतापर्यंत बाह्य प्रोत्साहनाचा विचार झाला. अप्रिय मताच्या लेखकाला खुद्द कथाप्रकारही काही आधार देतो का, हा समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. लोकप्रिय प्रकारात लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो. रहस्यकथेत खुनी सापडला पाहिजे. संकटाच्या विज्ञानकथेत पृथ्वी वाचली पाहिजे. हा करार पाळला जाईपर्यंत वाचक पुस्तक खाली ठेवत नाही. त्या अवधीत लेखकाला वाचकाच्या समजुतींना धक्का देण्याची मोकळीक मिळते. निबंधात जे मत पहिल्या परिच्छेदातच वाचकाला दूर सारील तेच मत कथेत शेवटच्या पानापर्यंत त्याच्या सोबत राहते.

नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हौशी खगोलनिरीक्षक दत्तदा एक धूमकेतू शोधून काढतात. तो पृथ्वीवर आदळण्याचा धोका आहे असे गणिताने निष्पन्न होते. शास्त्रज्ञ गुप्तपणे योजना आखून त्याला मार्गावरून हटवतात. घरात मात्र धूमकेतूच्या अशुभ फळाचे निवारण व्हावे म्हणून यज्ञाचा घाट घातला जातो. संकट टळते आणि त्याचे श्रेय यज्ञाला मिळते. शास्त्रज्ञांचे काम गुप्त असल्यामुळे उलट पुरावा देण्याची सोय नाही. नारळीकरांची फलज्योतिषाविरुद्धची भूमिका सर्वश्रुत आहे. २००८ मध्ये त्यांनी सुमारे दोनशे मुलांच्या जन्मकुंडल्या वापरून ज्योतिष्यांची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली होती. त्यांपैकी निम्मी मुले हुशार आणि निम्मी मतिमंद होती. ज्योतिष्यांचे निष्कर्ष नाणेफेकीहून सरस ठरले नाहीत. असे स्पष्ट मत असलेल्या लेखकाने कथेत यज्ञ करणाऱ्या पत्नीला खलनायिका केले नाही. तिची भीती खरी आहे, तिचे प्रेम खरे आहे. कथेत पराभव होतो तो विवेकी दत्तदांचा. स्वतःच्या घरात ते एकटे पडतात. अंधश्रद्ध वाचकालाही ही कथा आवडू शकते. मात्र वाचून झाल्यावर धूमकेतू खरोखर कशामुळे हटला हे त्याला माहीत असते, आणि कथेतील पात्रांना ते माहीत नसते, हेही त्याला माहीत असते. मत पटवण्याचा आग्रह न धरता लेखकाने वाचकाला साक्षीदार केले आहे.

सुजातांच्या ‘कोलैयुदिर् कालम्’ या गणेश–वसंत कादंबरीत निराळ्या मार्गाने असाच परिणाम साधला आहे. एका वाड्यातील गूढ घटनांचा उलगडा करताना गणेश विज्ञानाचा आधार घेतो, वसंताला भुताटकीचा संशय सोडवत नाही. कादंबरी दोन्ही स्पष्टीकरणांना अखेरपर्यंत जागा ठेवते. विज्ञाननिष्ठ लेखकाने हा तोल का राखला, याचे एक उत्तर रंजनाच्या गरजेत आहे. दुसरे उत्तर असे की ज्या वाचकाचा भुतावर विश्वास आहे त्यालाही गणेशबरोबर तर्काची वाट काही अंतर चालावी लागते. तर्काची सवय लावणे हे तर्काचा विजय जाहीर करण्यापेक्षा दीर्घ पल्ल्याचे काम आहे.

याहून धाडसी उदाहरण ‘एन् इनिय इयंदिरा’ या १९८०च्या दशकात ‘आनंद विकटन्’मध्ये क्रमशः आलेल्या कादंबरीचे. तिच्या नावाचा अर्थ ‘माझ्या लाडक्या यंत्रा’ असा होतो. त्या वेळी भविष्यात असलेल्या २०२१–२२ या काळातील भारत जीवा नावाच्या हुकूमशहाच्या सत्तेखाली आहे. मूल होऊ देण्यासाठीही शासनाची अनुमती लागते. निला ही गृहिणी हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात निघते आणि तिला सोबत मिळते ती जीनो या यंत्रश्वानाची. जीनो पुस्तके वाचतो, विचार करतो, थट्टा करतो. आज्ञाधारक माणसांच्या त्या जगात यंत्रच काय ते स्वतंत्र बुद्धीचे उरते. सर्वशक्तिमान जीवा ही केवळ एक प्रतिमा आहे, तिच्यामागे माणूस नाही, असे पुढे उघड होते. ज्या तमिळनाडूत त्या दशकात पडद्यावरील प्रतिमा आणि राजकीय सत्ता यांचा निकटचा संबंध होता, तेथील वाचकाला हा तपशील केवळ भविष्यकल्पनेचा वाटला असेल असे म्हणणे कठीण आहे. व्यक्तिपूजेवरची ही टीका अग्रलेखात आली असती तर तिला उत्तरे आली असती. यंत्रश्वानाच्या गोष्टीत आल्यामुळे ती मुलांनीही वाचली.

नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हाच आश्रय इतिहासाच्या संदर्भात वापरला आहे. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते आणि मराठे जिंकतात, अशा पर्यायी जगात प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन पडतात. मराठी वाचकाच्या मनात खोलवर रुजलेली एक इच्छा कथा पूर्ण करते. पण त्या विजयाचे फळ म्हणून ती दाखवते ते विज्ञानकेंद्रांची स्थापना आणि लोकशाहीकडे झालेली वाटचाल. पराक्रमाचा अभिमान सांगू पाहणाऱ्या वाचकाला हवा तो विजय मिळतो आणि त्या विजयाचा अर्थ मात्र बदललेला असतो. त्याच कथेत सभांच्या अध्यक्षस्थानी बसण्याची सवय जडलेले गंगाधरपंत एका व्यासपीठावरील रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात. त्या जगातील श्रोत्यांनी अध्यक्ष ही प्रथाच मोडीत काढलेली असल्यामुळे ते त्यांच्यावर तुटून पडतात. संमेलने आणि अध्यक्षीय भाषणे यांवर प्रेम करणाऱ्या मराठी समाजाची ही थट्टा मराठी वाचकांनी हसून स्वीकारली, आणि पुढे त्याच लेखकाला संमेलनाचे अध्यक्षही केले. लेखनाशी असहमत राहूनही लेखकाचा स्वीकार करता येतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड.

५. आश्रयाची मर्यादा

हा आश्रय अमर्याद नाही, हे सुजातांच्याच एका अनुभवाने दाखवून दिले. १८५७च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर त्यांनी ‘कुमुदम्’मध्ये ‘करुप्पु सिवप्पु वेळुप्पु’ (काळा, तांबडा, पांढरा) ही मालिका सुरू केली. तिच्यातील मजकुरावरून एका समाजात रोष निर्माण झाला आणि मालिका थांबवावी लागली. पुढे सुजातांनी त्याच पार्श्वभूमीवर ‘रत्तम् ओरे निरम्’ (रक्ताचा रंग एकच) या नावाने कादंबरी नव्याने लिहिली.

हुकूमशहाची प्रतिमा पोकळ ठरवणारी कादंबरी निर्वेधपणे पूर्ण झाली आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या घटनांवरील मालिका बंद पडली, हा भेद विचार करण्यासारखा आहे. भविष्यकथेतील समाज काल्पनिक असतो. वाचक त्यात स्वतःला ओळखतो, पण ती ओळख जाहीर करण्याची त्याच्यावर सक्ती नसते. ऐतिहासिक कथेत मात्र नावे खरी असतात, वंशज हयात असतात, आणि पूर्वजांविषयीचे प्रत्येक वाक्य वर्तमानातील प्रतिष्ठेशी जोडले जाते. पर्यायी इतिहास या दोहोंच्या मधे उभा राहतो. गोळी चुकली की पुढचे सर्व काल्पनिक होते. आपले मत कोणत्या प्रकारात किती अंतरावरून मांडायचे, याची निवड हा लेखकाच्या कसबाचा भाग आहे. ही निवड म्हणजे भित्रेपणा नव्हे. पण आश्रय संपतो तेथे लेखक एकटा पडतो, हेही तितकेच खरे.

अशा वेळी बाह्य संस्थांची कसोटी लागते. लोकप्रिय प्रकारातील नसले तरी याच प्रदेशातील पेरुमाळ मुरुगन यांचे प्रकरण येथे स्मरणीय आहे. ‘मादोरुबागन्’ (२०१०) या कादंबरीवरून झालेल्या विरोधानंतर जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आपल्यातील लेखक मेला असल्याचे जाहीर केले. ५ जुलै २०१६ रोजी चेन्नईतील मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांच्या खंडपीठाने लेखकाच्या बाजूने निर्णय दिला आणि अखेरीस त्याने पुन्हा लिहिते व्हावे अशी इच्छा व्यक्त केली. कादंबरी चांगली आहे की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते. ज्याला ती नको आहे त्याने वाचू नये, ही त्याची भूमिका होती. मतैक्याशिवाय दिलेल्या प्रोत्साहनाचे हे न्यायिक रूप म्हणता येईल. सुजातांच्या मालिकेच्या वेळी असा आधार उभा राहिला नव्हता. लेखकाने स्वतःच नवे रूप शोधून विषय पूर्ण केला.

६. अप्रियता हे मूल्य नव्हे

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. मत अप्रिय असणे हा त्याच्या खरेपणाचा पुरावा नसतो. विरोध झाला म्हणजे आपण काही थोर सांगितले असे मानणारा लेखक वाचकाच्या नकाराचेच भांडवल करू लागतो, आणि मग कथेतील त्रुटींकडे बोट दाखवणारा प्रत्येक जण त्याला विरोधक वाटतो. नारळीकरांचे उदाहरण याही बाबतीत मार्गदर्शक आहे. महास्फोट सिद्धांत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारल्यानंतरही त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ पासून स्थिरस्थिती सिद्धांताचे सुधारित रूप मांडले. विज्ञानाच्या जगात ते अल्पमतात होते आणि अखेरपर्यंत राहिले. मात्र या मताची बाजू त्यांनी शोधनिबंधांतून, निरीक्षणांच्या आणि गणिताच्या आधारे लढवली. त्यांच्या कथांचा आस्वाद घेण्यासाठी वाचकाने तो सिद्धांत मान्य करावा लागत नाही. कथेचे यश सिद्धांताला उसने दिले नाही आणि सिद्धांताची उपेक्षा कथेवर लादली नाही. त्यांचे गुरू हॉईल यांनीही ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) लिहून शास्त्रज्ञाला कथा लिहिण्याचा वस्तुपाठ घालून दिला होता.

आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. नारळीकर आणि सुजाता या दोघांचाही चरितार्थ लेखनावर अवलंबून नव्हता. संशोधन संस्थेतील आणि सार्वजनिक उद्योगातील नोकरीने त्यांना वाचकाच्या नाराजीची जोखीम घेण्याची मुभा दिली. मागणी तसा पुरवठा करून जगणाऱ्या लेखकाला ही मुभा नसते. म्हणून या दोघांच्या धैर्याचा गौरव करताना त्या धैर्यामागील आर्थिक आधाराचीही नोंद घ्यावी लागते. पूर्णवेळ रहस्यकथाकाराने वाचकाला दुखावले नाही, तर त्यावरून त्याची वैचारिक दुर्बलता सिद्ध होत नाही. त्याला जोखीम परवडत नव्हती एवढेच सिद्ध होते. नवोदित लेखकाला उमेद द्यायची तर त्यात मानधनाचाही समावेश होतो, हे साहित्यसंस्थांनी विसरू नये.

अनुवाद हा प्रोत्साहनाचा आणखी एक, काहीसा उशिरा लाभणारा प्रकार होय. चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनसंस्थेने २००८ मध्ये तमिळ लोकप्रिय कथांचा इंग्रजी अनुवादसंग्रह काढला. प्रीतम चक्रवर्ती यांनी केलेल्या या अनुवादांत राजेश कुमार, पट्टुक्कोट्टै प्रभाकर आदींच्या कथांबरोबर त्यांच्या जुन्या मुखपृष्ठांनाही स्थान मिळाले. ज्या लेखनाला स्वभाषेतील समीक्षेने बाजूला ठेवले त्याला परभाषेतील वाचकाने जतन करण्याजोगे मानले. मराठी रहस्यकथा आणि भयकथा यांच्या वाट्याला अशा साक्षेपी संग्रहाचा लाभ क्वचितच आला आहे; तो यावा ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

७. समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी समोर येतात. लोकप्रिय कथाप्रकारात अप्रिय मत मांडणाऱ्या लेखकाला मिळालेली खरी उमेद सहमतांकडून आली असे दिसत नाही. ती लेखकाचे नाव ठाऊक नसलेल्या परीक्षकांकडून, जागा देणाऱ्या संपादकांकडून, वेगळ्या क्षेत्रातील दुर्गाबाईंसारख्या लेखिकेकडून आली. कथाप्रकाराच्या नियमांनी या लेखकाला आश्रय दिला. जिवंत अस्मितांना स्पर्श होताच तो आश्रय अपुरा पडला. आणि अप्रियतेला स्वतःचे मूल्य न मानता कथा कथा म्हणून सिद्ध करण्याची जबाबदारी या दोन्ही लेखकांनी स्वीकारली.

मराठीत आज रहस्यकथा वा विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या आणि बहुमताहून वेगळा विचार करणाऱ्या तरुण लेखकाला समर्थकांची गर्दी मिळवून देणे कोणाच्याच हाती नाही. त्याची कथा नाव झाकून वाचणारा परीक्षक, ती पूर्ण छापणारा संपादक आणि तिच्यातील उणीव मताशी न जोडता दाखवणारा समीक्षक, एवढे मात्र एखाद्या भाषेला देता येते. पहिले दोन मराठीने १९७४ नंतर नारळीकरांना दिले. तिसऱ्याची उणीव अर्नाळकर आणि धारप यांच्या वाचकांना अजूनही जाणवते.